मंडळी वाढली की हजेरी का घटते?

वहीवाला

आमच्या चर्च कमिटीत सध्या एका ठरावावरून जुंपली आहे. रविवारी सकाळी दोन उपासना होतात आणि दोन्हींना बाकं अर्धी रिकामी. ठराव असा, की दोन्ही मोडून एकच मोठी उपासना ठेवावी. चर्च भरलेलं दिसलं की हुरूप येतो, हुरूप आला की लोक येतात, हा त्यामागचा युक्तिवाद. हजेरीची वही माझ्याकडे असल्यामुळे माझं मत विचारलं गेलं. मी वेळ मागून घेतला आणि वाचायला बसलो.

वाचतोय ते ठरावाच्या उलट जाणारं निघालं. डेव्हिड ईगल यांचा २०१६ सालचा अभ्यास अमेरिकेतल्या चर्चबद्दल सांगतो की मंडळी (म्हणजे एका चर्चचे सगळे सभासद मिळून) जितकी मोठी, तितकी तिथला माणूस दर आठवड्याला येण्याची शक्यता कमी. २००० साली रॉडनी स्टार्क आणि रॉजर फिंकी यांनी हेच सूत्रासारखं मांडलं होतं: मंडळीचा आकार आणि सभासदांची सरासरी बांधिलकी व्यस्त प्रमाणात असतात. एकूण डोकी वाढतात, डोईमागची हजेरी उतरते.

पण असं का होतं? ते कळल्याशिवाय ठरावावर बोलण्यात अर्थ नाही. जाणकारांनी लिहावं. 'शेवटचा काळ आलाय, प्रीती थंडावणारच' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते आम्ही मीटिंगमध्ये भरपूर ऐकतो.

तिसरी घंटा

कारण काय शोधायचं त्यात? भागीचे घोडे किवणाने मेले. अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ साली हेच पुस्तकभर सिद्ध केलं. गट मोठा झाला की माझ्या एकट्याच्या वाट्याने काही बिघडत नाही, मग मी का झिजू? उपदेश मी आलो तरी होणार, नाही आलो तरी होणार. वर्गणी बाकीचे देतीलच.

फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान यांनी तर दोर ओढायला लावून मोजलं होतं. प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे, छापले गेले १९१३ मध्ये. आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या जेमतेम निम्म्यावर येतो. चर्चमध्ये दोर नाही एवढाच फरक.

गणितवाली

थांबा. 'का' कडे जाण्याआधी खरंच घटते का ते बघू. टक्केवारी काढताना भागाकारात खाली काय धरलंय, हे कोणीच सांगत नाही.

अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांचं उदाहरण घ्या. २०२३ च्या त्यांच्याच आकड्यांनुसार सभासद सुमारे १ कोटी ३० लाख, आठवड्याची हजेरी सुमारे ४० लाख. म्हणजे दोन तृतीयांश लोक घरी झोपलेत का? मुळीच नाही. त्या यादीत दुसरीकडे राहायला गेलेले असतात, दुसऱ्या चर्चला जाऊ लागलेले असतात. पन्नास घरांच्या मंडळीत कोण गेलं, कोण आलं हे सगळ्यांना तोंडपाठ, त्यामुळे यादी आपोआप ताजी राहते. मोठ्या मंडळीत नाव एकदा चढलं की उतरवायला कोणी धजत नाही. मग मोठ्या चर्चची टक्केवारी कमी दिसणारच, आणि त्यात माणसांचा काही दोष नसेल.

दुसरी भानगड 'कोण किती वेळा येतो' हे त्यालाच विचारण्याची. हॅडवे, मार्लर आणि चेव्हिस यांनी १९९३ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅश्टाब्युला काउंटीत प्रत्यक्ष मोजणी केली, काही ठिकाणी तर चर्चबाहेर उभ्या गाड्या मोजून. सर्वेक्षणात सुमारे ४० टक्के लोक 'या आठवड्यात गेलो' म्हणत होते, मोजणीत त्याच्या साधारण निम्मेच सापडले. देवाच्या घराबद्दल माणूस देवाला सोडून सगळ्यांशी खोटं बोलतो :)

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. लहान मंडळी दोन प्रकारची असते. एक जन्मापासून लहान, दुसरी आटत आटत लहान झालेली. आटताना आधी कोण गळतं? अधूनमधून येणारे. समजा २०० सभासद आहेत, ८० नियमित येतात, म्हणजे ४० टक्के. आता न येणाऱ्यांपैकी १०० जणांची नावं गेली. उरले १००, येणारे तेच ८०. हजेरी एका फटक्यात ८० टक्के! मंडळी मरणपंथाला लागलेली आणि आकडा मात्र संजीवन सभेला (श्रद्धा जागवणाऱ्या मोठ्या मेळाव्याला) शोभेल असा. म्हणून 'लहान म्हणजे निष्ठावान' हे मला इतक्या सहज पटत नाही.

वहीवाला

@गणितवाली, तिसरा मुद्दा डोक्यात नव्हता, धन्यवाद. यादी ताजी करण्याचा विषय आमच्याकडे दर वर्षी निघतो आणि 'एवढ्या जुन्या घराण्याचं नाव कसं काढायचं' इथे येऊन बसतो.

तरी हजेरी बाजूला ठेवू. सहभागाचं काय? गाणं, वाचन, संडे स्कूल, हिशेब, आजाऱ्यांच्या भेटी. तिथेही घट दिसते का?

अल्टो

दिसते, आणि तिथेच खरं कारणही सापडतं. तिसरी घंटा यांचा दोर मला अपुरा वाटतो.

आधी दोराबद्दलच. १९७४ मध्ये इंगम आणि सहकाऱ्यांनी तो प्रयोग नव्याने केला. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी, तो सगळ्यात पुढे, मागचे फक्त ओढण्याचं नाटक करणारे. तरीही त्याचा जोर कमी झाला. म्हणजे इच्छाच थोडी सैल पडते, हे खरं. पण दोर ओढताना प्रत्येकाच्या हातात दोर असतो. मोठ्या चर्चमध्ये बहुतेकांच्या हातात तो दिलेलाच नसतो!

रॉजर बार्कर आणि पॉल गम्प यांचं १९६४ सालचं काम शाळांवरचं आहे, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं. मोठ्या शाळेत नाटक, खेळ, वाद्यवृंद, सगळं जास्त. पण मुलं ज्या प्रमाणात वाढतात त्या प्रमाणात जागा वाढत नाहीत. शाळा वीसपट मोठी झाली म्हणून वीस नाटकं बसत नाहीत. लहान शाळेत मात्र नाटक उभं राहायचं तर सुमार आवाजाच्या मुलालाही राजा करावं लागतं. निष्कर्ष असा, की लहान शाळेतली मुलं जास्त प्रकारच्या कामांत असतात आणि जबाबदारीच्या जागांवर असतात.

त्यांच्याच परंपरेतले अ‍ॅलन विकर यांनी १९६९ मध्ये हे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चमध्ये तपासलं. लहान चर्चचे सभासद जास्त वेळा येत होते, जास्त देत होते, जास्त प्रकारच्या उपक्रमांत होते आणि पदांवरही जास्त होते. पुढे १९७१ मध्ये विकर आणि मेलर यांनी नव्या सभासदांकडे पाहिलं, तर लहान चर्चमध्ये नवा माणूस लवकर सामावला गेला.

आता माझ्या क्वायरचं, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाचं. आम्ही थोडे होतो तेव्हा एक अल्टो (खालच्या पट्टीत गाणारी बाई) आली नाही तर तो सूरच नाहीसा व्हायचा. पाऊस असो, परीक्षा असो, जावंच लागायचं, कारण फोन यायचा. आता गायकवृंद मोठा आहे, छान गातो, आणि मी आले नाही तर पुढच्या रविवारपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. माझी श्रद्धा तेवढीच आहे हो. गरज संपली.

पाळकपुत्र

अल्टोताईंना +१. यात एक साखळी आहे. काम मिळालं म्हणून माणूस येतो, आला म्हणून दिसतो, दिसला म्हणून पुढचं काम मिळतं. मोठ्या मंडळीत ही साखळी पहिल्याच कडीला तुटते, कारण तिथे काम 'चांगलं करणाऱ्याला' दिलं जातं. वाचन स्पष्ट हवं, गाणं सुरात हवं, माइकची सवय हवी. दर्जा वाढतो, तसा साधा माणूस बाकावर सरकतो. पाळकांनाही (पास्टरांनाही) ते सोयीचं पडतं, घरातलंच सांगतो. 'अमक्याला सांगितलं की काम होतं' या एका वाक्याने निम्मी मंडळी प्रेक्षक होते.

शेवटचा बाक

सगळे मिळून बाकावर बसणाऱ्यालाच झोडपताय म्हणून लिहितो.

मी मोठ्या चर्चमध्ये जातो, मागे बसतो, आशीर्वादानंतर निघतो. आधी लहान मंडळीत होतो. घरात एक दुःखाची गोष्ट घडली आणि दर रविवारी दारातच चौकशी सुरू झाली. प्रत्येकाचा हेतू चांगला, पण मला तासभर नुसतं बसायचं होतं. मोठ्या चर्चने मला ते दिलं. तुमच्या मोजणीत मी 'सहभाग शून्य' या रकान्यात. मला तसं वाटत नाही.

सहभाग म्हणजे काय, हे कोण ठरवतं? पदं मोजायला सोपी म्हणून पदं मोजली जातात. उपदेश ऐकून घरी जाऊन भावाशी समेट करणारा कुठल्या रकान्यात येतो?

अल्टो

@शेवटचा बाक, मुद्दा रास्त आहे. झोडपायचा हेतू नव्हता. मी बोलतेय ते अशांबद्दल, ज्यांना हातात काही हवं असतं आणि कोणी देत नाही.

जुना सेक्रेटरी

लहान मंडळीची दुसरी बाजू लिहायला हवी, कारण वरचं वाचून कोणालाही लहान चर्च म्हणजे स्वर्ग वाटेल.

मी अनेक वर्षं एका लहान मंडळीत सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हणजे खजिनदार, संडे स्कूलचा मास्तर, स्पीकर जोडणारा, घंटा वाजवणारा आणि भांडणं मिटवणाराही. हजेरी माझी शंभर टक्के होती, पण ती भक्तीची होती की अडकलेपणाची, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. रजा घ्यायची तर आधी बदली माणूस शोधा, तो नसायचाच. 'माणसं कमी म्हणून सहभाग जास्त' हे आकड्यात छान दिसतं. आतून तो थकवा असतो. आमच्यातले दोन-तीन जण असे थकले की मोठ्या चर्चमध्ये जाऊन मुद्दाम गप्प बसू लागले. तिथल्या कमी सहभागात असे पळून आलेलेही मोजले जात असतील, गणितवाली ताई.

आणि लहान मंडळीत एखाद्या घराचं वजन एवढं असतं की पाळक बदलतात, ते घर बदलत नाही. नव्या माणसाला काम लवकर मिळतं हे खरं, पण कुठलं? बाकं लावण्याचं. तिजोरीची किल्ली नाही मिळत.

गणितवाली

@जुना सेक्रेटरी, अगदी. त्याला निवडीचा परिणाम म्हणतात. ज्याला काम हवं तो लहानात टिकतो, ज्याला विसावा हवा तो मोठ्यात जातो. मग आकाराने माणूस बदलला की माणसाने आकार निवडला, हे एका वेळच्या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. त्यासाठी तीच माणसं मंडळी वाढताना वर्षानुवर्षं पाहावी लागतात.

अजून एक, पंथ मिसळू नका. कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) साधारणपणे त्या हद्दीत राहणारा प्रत्येक कॅथलिक मोजला जातो, आणि रविवारची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) हे त्यांच्या धर्मसंहितेच्या कलम १२४७ नुसार कर्तव्य आहे. बॅप्टिस्ट मंडळीत माणूस स्वतः ठरवून सभासद होतो. दोन्हींचे आकार एका आलेखावर मांडले तर आपण आकार मोजतोय की नियम, तेच कळणार नाही.

नवा वाचक

दीडशे या आकड्याबद्दल कोणीच कसं बोललं नाही? डनबार. माणूस दीडशेच्या वर नाती सांभाळू शकत नाही. विषय संपला.

गणितवाली

संपला नाही. रॉबिन डनबार यांनी १९९२ मध्ये माकडवर्गीय प्राण्यांच्या मेंदूचा आकार आणि कळपाचा आकार यांच्या नात्यावरून माणसासाठी तो अंदाज काढला. मोघम खूण म्हणून ठेवा. १५१ वा सभासद आला की चर्च कोसळतं असं नाही.

पाळकपुत्र

अंदाज असो, पण काही समाजांनी हे अनुभवाने केलंय. हटराइट या सामायिक मालमत्तेने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या वसाहती दीडशेच्या आसपास पोचल्या की दोन होतात. एक कारण असं सांगतात की त्यापुढे सगळ्यांना पुरेल असं जबाबदारीचं काम उरत नाही. बघा, अल्टोताईंचाच मुद्दा! आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचं आणखी सोपं. ते उपासना घरीच करतात, पाळीपाळीने एकेकाकडे. २० ते ४० कुटुंबांचा एक विभाग. घरात मावेनासे झाले की विभागणी. मोठी इमारत बांधायची सोयच ठेवलेली नाही.

लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन, यांच्यात स्थानिक पातळीवर पगारी पाळक नसतो. बिशपसुद्धा नोकरी-धंदा करून ते काम करतो आणि काही वर्षांनी दुसऱ्याकडे देतो. सभासदाला काम 'सोपवलं' जातं, त्याने हात वर करायची वाट पाहत नाहीत. वॉर्ड, म्हणजे स्थानिक मंडळी, फार मोठा झाला की हद्दी नव्याने आखतात. अनेकांना हे जाचक वाटतं, आणि लॉरेन्स इयानाकोनी १९९४ मध्ये म्हणतात ते हेच, की कडक चर्च टिकतात कारण फुकट बसणाऱ्याला तिथे परवडत नाही. मला स्वतःला कडकपणापेक्षा काम सोपवणं जास्त महत्त्वाचं वाटतं. कडकपणा घेऊन काम न देणारी चर्चही कमी नाहीत.

इतिहासवेडी

मोठं राहून लहान होण्याचा मार्ग जुना आहे. बायबलातल्या निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसतो आणि सासरा इथ्रो त्याला सुनावतो, की तू झिजशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. सर्वांत खालचं एकक दहाचं ठेवलंय, ते मला फार आवडतं.

मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली यांचे 'क्लास', म्हणजे सभासदांचे लहान गट, तर कर्ज फेडायला सुरू झाले. १७४२, ब्रिस्टल. सभागृहाचं कर्ज होतं. ठरलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची, आणि एकेका माणसाने आपल्यासह बारा जणांची गोळा करायची. गरिबाची पेनी गोळा करणाऱ्याने भरायची. तो घरोघर जायला लागला तेव्हा कोण आजारी, कोण दारूत बुडालंय, कोणाचं नवऱ्याशी पटत नाही, हे सगळं कळायला लागलं. वेस्लींनी ते ओळखलं आणि वसुलीच्या याद्यांचे जिव्हाळ्याचे गट केले. वर दर तिमाहीला तिकीट: क्लासला नियमित नसेल त्याला नवं तिकीट नाही. गणितवालींची ताजी यादी ती हीच!

विसाव्या शतकातलं टोकाचं उदाहरण सोलमधलं योइदो चर्च. १९५८ मध्ये तंबूपासून सुरुवात, पुढे जगातली सर्वांत मोठी मंडळी म्हणून नाव झालं. १९६४ मध्ये पाळक चो योंग-गी कामाच्या ओझ्याने कोसळले. त्यानंतर घरगुती गट उभे राहिले आणि ते मुख्यतः स्त्रियांनी चालवले. त्या काळी बाईच्या हाती नेतृत्व देणं सोपं नव्हतं, पण पुरुष पुढे आले नाहीत.

तिसरी घंटा

म्हणजे मोठं चर्च वाईट नाही, गट नसलेलं मोठं चर्च वाईट. मग ऑल्सनही तेच सांगतात की हो. मोठा संघ टिकतो तो लहान तुकड्यांनी बनलेला असेल तर.

जुना सेक्रेटरी

गट कागदावर काढणं सोपं आहे. गटप्रमुख नेमताना पुन्हा तीच आठ नावं येतात. सांगून ठेवतो.

गणितवाली

आकडेप्रेमींसाठी एक गंमत. मार्क चेव्हिस यांच्या नेतृत्वाखाली १९९८ पासून अमेरिकेतल्या मंडळ्यांची राष्ट्रीय पाहणी होते. २०१८-१९ च्या फेरीत मधली मंडळी सुमारे ७० नियमित माणसांची निघाली, पण सरासरी उपासक जिथे बसतो ती मंडळी सुमारे ३६० जणांची. विसंगती वाटते, नाही? समजा नऊ चर्चमध्ये ५०-५० माणसं आहेत आणि दहाव्यात १०००. चर्च मोजलीत तर दहापैकी नऊ लहान. माणसं मोजलीत तर १४५० पैकी १०००, म्हणजे ६९ टक्के, मोठ्यात. त्यामुळे पाळकांच्या मेळाव्यात सगळे लहान चर्चच्या अडचणी बोलतात आणि सभासद मात्र बहुसंख्येने मोठ्या चर्चच्या अडचणी भोगत असतात.

वहीवाला

सगळं वाचलं. ठरावावर येतो. तुमच्या चर्चेतून मला असं दिसतंय की 'किती माणसं मावतात' यापेक्षा 'माणसामागे किती जागा आहेत' हे विचारायला हवं. दोन उपासना आहेत म्हणजे दोन वाचक, दोन गायकवृंद, दारात उभे राहणारे दुप्पट, अर्पण मोजणारे दुप्पट. एकत्र केलं की माणसं तेवढीच आणि जागा निम्म्या. शिवाय पहिल्या उपासनेला येणाऱ्यांत पाळीची नोकरी असलेले बरेच आहेत, त्यांना उशिराची वेळ जमणार नाही.

ठरावाच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे. पहिल्या उपासनेचा गायकवृंद इतका तुटपुंजा आहे की तेच चार जण दोन्हीकडे गातात. जुना सेक्रेटरी म्हणतात तो थकवा तिथे दिसतो.

अल्टो

मग क्वायर एकत्र करा, उपासना नको! एका रविवारी पहिल्या उपासनेत गाऊ दे, पुढच्या रविवारी दुसऱ्या. ज्या दिवशी क्वायर नसेल तेव्हा मंडळीने गावं. सुरुवातीला बेसूर होईल, होऊ दे.

शेवटचा बाक

आणि दारात उभे राहणाऱ्यांना सांगा, हात मिळवा, नाव विचारा, पण 'गेल्या रविवारी कुठे होतात' हे दारात विचारू नका. विचारायचंच तर आठवड्यात फोन करून विचारा.

वहीवाला

@अल्टो, क्वायरचं पुढच्या मीटिंगमध्ये मांडतो. @शेवटचा बाक, हेही लिहून घेतलं. मतदानाआधी दोन्ही उपासनांतल्या कामांची यादी करणार आहे: काम कोणतं, कोण करतं, किती वर्षं करतंय. तीच नावं किती वेळा येतात ते त्यातच कळेल. गणितवाली ताई, यादीला रकाने कसे पाडावेत ते सुचवाल का?

गणितवाली

चौथा रकाना वाढवा: 'या कामासाठी शेवटचं नव्या माणसाला कधी विचारलं'. तो भरताना कमिटी गप्प होते की नाही बघा, आणि निकाल इथे टाका.